क्लिओ हिल यांचा दुसरा डाव

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या नोंदींत क्लिओ हिल या खेळाडूच्या नावापुढे एकाच हंगामाची ओळ आढळते. हंगाम १९६१-६२, संघ सेंट लुईस हॉक्स, सामने ५८, दर सामन्यामागे सरासरी साडेपाच गुण. त्यानंतर काहीच नाही. याच हिल यांच्या नावावर आणखी एक नोंद आहे, मात्र ती निराळ्या दप्तरात शोधावी लागते. न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात एसेक्स काउंटी कॉलेज नावाचे दोन वर्षांचे महाविद्यालय आहे. तेथील बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून हिल यांनी ४८९ सामने जिंकले आणि १२८ गमावले.

पहिली नोंद वाचणाऱ्याला एक अपयशी खेळाडू दिसतो, दुसरी वाचणाऱ्याला एक यशस्वी शिक्षक. दोन्ही नोंदी एकाच आयुष्यातील आहेत. त्यांच्यामधील दुवा समजून घेतला की अमेरिकी क्रीडाव्यवस्थेची अनेक अंगे उलगडत जातात: महाविद्यालयीन खेळ, वर्णभेद, खेळाडूचा करार, आणि ज्याला तेथे ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणतात त्या संस्थेचे काम.

‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे काय?

आपल्याकडे या शब्दाने घोटाळा होण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालय म्हटले की अकरावी-बारावीचे वर्ग डोळ्यांपुढे येतात. गोव्यात त्यालाच उच्च माध्यमिक म्हणतात, बेळगावात पीयूसी. अमेरिकेतील ज्युनियर कॉलेज मात्र बारावीनंतर सुरू होते. तेथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि तो पूर्ण करणाऱ्याला ‘असोसिएट’ ही पदवी मिळते. पुढे शिकायचे असेल, तर विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. नोकरी करायची असेल, तर व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमही उपलब्ध असतात.

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय हे या प्रकारातील पहिले सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः साठच्या दशकात, अशा संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. शुल्क कमी, प्रवेशाच्या अटी सैल आणि महाविद्यालय घराजवळ, ही त्यांची तीन वैशिष्ट्ये. त्यामुळे कामगार कुटुंबांतील, स्थलांतरितांची आणि घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले मोठ्या संख्येने येथे येतात. आज यांतील बहुतेक संस्था ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने ओळखल्या जातात.

या महाविद्यालयांच्या खेळांचे नियमन करणारी एनजेसीएए ही राष्ट्रीय संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली. कॅन्ससमधील हचिन्सन या छोट्या शहरात १९४९ पासून तिची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरत आली आहे. एनबीएत पुढे नावारूपाला आलेले बॉब मॅकाडू, लॅरी जॉन्सन, जिमी बटलर यांच्यासारखे खेळाडू याच वाटेने गेले. तरीही दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांच्या झोतापासून हे जग बहुतांशी दूरच राहिले. क्लिओ हिल यांनी आपल्या आयुष्यातील जवळपास पाव शतक याच जगात घालवले.

न्यूअर्कचा मुलगा, विन्स्टन-सेलमचा खेळाडू

हिल यांचा जन्म १९३८ मधला. ते न्यूअर्कमध्ये वाढले आणि महाविद्यालयासाठी दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना राज्यात विन्स्टन-सेलम येथे गेले. तेथील टीचर्स कॉलेज ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली संस्था होती. आज ती विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. नावाप्रमाणेच शिक्षक घडवणे हा तिचा मूळ उद्देश. हिल यांच्या उत्तरायुष्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तेथे प्रशिक्षक होते क्लॅरेन्स गेन्स. धिप्पाड देहयष्टीमुळे त्यांना सारे ‘बिग हाउस’ म्हणत. १९९३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ८२८ विजय होते. हिल यांची उंची सहा फूट एक इंच, म्हणजे बास्केटबॉलच्या मानाने बेताचीच. परंतु दोन्ही हातांनी हुक शॉट मारणे, उडी मारून वा जागेवरून नेम साधणे, असे फेकीचे नाना प्रकार त्यांना अवगत होते. महाविद्यालयीन कारकिर्दीत त्यांनी २,४८८ गुण मिळवले. पुढे अर्ल मन्रो या खेळाडूने याच महाविद्यालयाकडून खेळताना तो विक्रम मोडला. हिल संघात असताना १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या संघाने सीआयएए या कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या परिषदेचे विजेतेपद पटकावले.

हा काळ दक्षिणेतील कायदेशीर वर्णभेदाचा होता. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या बाकांवर बसून सत्याग्रह सुरू केला. आठवडाभरातच त्याचे लोण विन्स्टन-सेलमला पोहोचले. त्याच शहरात वेक फॉरेस्ट हे गोऱ्या विद्यार्थ्यांचे महाविद्यालय होते. १९६२ पर्यंत तेथे एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. तरीही वेक फॉरेस्टचा खेळाडू बिली पॅकर हा हिल यांचा खेळ पाहायला जाऊ लागला आणि दोन्ही महाविद्यालयांचे खेळाडू गुपचूप एकमेकांशी सराव सामने खेळू लागले. पॅकर पुढे दूरचित्रवाणीवरील नामांकित बास्केटबॉल समालोचक झाले आणि हिल यांच्या खेळाची थोरवी ते वर्षानुवर्षे सांगत राहिले.

पहिल्या फेरीतील निवड

एनबीएमध्ये नव्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि ज्या संघाने निवडले त्याच्याशीच खेळाडूला करार करावा लागतो. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये सेंट लुईस हॉक्सने हिल यांना पहिल्याच फेरीत, एकंदर आठव्या क्रमांकावर निवडले. कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील खेळाडूंकडे व्यावसायिक संघांचे फारसे लक्षही जात नसे, अशा काळातील हा मान होता.

त्या वेळी एनबीएत अवघे नऊ संघ होते आणि प्रत्येकात अकरा-बारा खेळाडू. म्हणजे साऱ्या देशात मिळून जेमतेम शंभरेक जागा. हॉक्स हा तर त्यांतील बलाढ्य संघ. १९५८ मध्ये त्याने विजेतेपद मिळवले होते, आणि तेव्हा त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९६१ च्या वसंतात तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचून बोस्टनकडून पराभूत झाला होता. प्रशिक्षक पॉल सिमूर यांना वेगवान, दुरूनही गुण मिळवू शकणारा गार्ड हवा होता. हिल यांच्यात त्यांना तो दिसला.

चेंडू कोणाकडे जाणार?

पुढे काय घडले हे समजण्यासाठी हॉक्सची रचना पाहावी लागते. बॉब पेटिट, क्लिफ हेगन आणि क्लाइड लव्हलेट हे तिघे गोरे खेळाडू म्हणजे संघाची आघाडीची फळी. १९६०-६१ च्या हंगामात या तिघांनीही प्रत्येकी दर सामन्यामागे वीसहून अधिक गुण मिळवले होते. गार्डने चेंडू पुढे आणायचा आणि या तिघांपैकी एकाच्या हाती द्यायचा, ही संघाची बसलेली घडी. गार्ड स्वतःच गुण मिळवू लागला, तर कोणाच्या तरी वाट्याचे गुण कमी होणार, हे उघड होते.

त्या काळी गुण कमी होणे म्हणजे पैसा कमी होणे. खेळाडूंचे करार बहुधा वर्षावर्षाचे असत आणि पुढील वर्षाचे वेतन ठरवताना मागील हंगामाची गुणसंख्या पुढे केली जाई. निवृत्तिवेतनाची योजनाही नव्हती. १९६४ मध्ये बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना सुरू होण्याच्या बेतात असताना खेळाडूंनी मैदानात उतरण्यास नकार दिला, तेव्हा कुठे तो प्रश्न मार्गी लागला. अशा परिस्थितीत नव्याने आलेल्या गुणवान खेळाडूकडे सहकारी कोणत्या नजरेने पाहतील, याची कल्पना करता येते. त्यातून हा नवागत कृष्णवर्णीय आणि शहर सेंट लुईस. कृष्णवर्णीय खेळाडूंना तेथील अनेक उपाहारगृहांत प्रवेश मिळत नसे.

सिमूर यांचे म्हणणे असे होते की संघातील मातब्बर खेळाडू हिल यांना चेंडूच देत नव्हते आणि हिल यांना आवर घालण्यासाठी आपल्यावर वरून दडपण येत होते. सिमूर यांनी माघार घेतली नाही. हंगामातील पहिल्या चौदा सामन्यांनंतरच, नोव्हेंबर १९६१ मध्ये, मालक बेन कर्नर यांनी त्यांना पदावरून दूर केले. संघातील ज्येष्ठ खेळाडूंनी हिल यांच्यावर बहिष्कार टाकल्याचा आरोप पुढे कधी मान्य केला नाही. वाद वर्णाचा होता की गुणांचा, यावर नंतरही मतभेद राहिले. वास्तविक या दोन गोष्टी वेगळ्या काढणे अवघड आहे. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्या वाट्याचे गुण काढून घेणे नेहमीच सोपे असते.

यात एका योगायोगाचाही भाग होता. संघातील दुसरा कृष्णवर्णीय गार्ड लेनी विल्किन्स त्या हंगामाचा बराचसा काळ सैन्यसेवेत होता. ते दोघे पूर्ण हंगाम एकत्र खेळले असते, तर चित्र कदाचित बदलले असते. सिमूर गेल्यावर हिल यांचा मैदानावरील वेळ घटला आणि गुणही घटले. एवढे करून संघाला काय मिळाले? आदल्या वर्षी अंतिम फेरी गाठणाऱ्या हॉक्सने त्या हंगामात २९ सामने जिंकले आणि ५१ गमावले.

बंद झालेली दारे

पुढील हंगामाच्या प्रारंभी हॉक्सने हिल यांना संघातून वगळले. वगळलेल्या खेळाडूला घेण्याची मुभा इतर संघांना होती. एकानेही त्यांना बोलावले नाही. पहिल्या फेरीत निवड झालेला, वयाने चोवीस वर्षांचा, कोणतीही मोठी दुखापत नसलेला खेळाडू एकाएकी कोणालाच नकोसा झाला.

यामागे लेखी आदेश असण्याची गरज नव्हती. नऊ मालकांची ती एक लहानशी मंडळी होती आणि सारे एकमेकांना ओळखत. एका संघात ‘अडचणीचा’ ठरलेला खेळाडू दुसऱ्या संघाने ओढवून घेऊ नये, एवढा समज पुरेसा होता. प्रत्येक संघात कृष्णवर्णीय खेळाडू किती असावेत, याची अलिखित मर्यादा पाळली जात असे, असे त्या पिढीतील अनेक खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. हिल ज्या जागेसाठी पात्र होते, ती मुळातच मोजक्यांसाठी ठेवलेली होती.

खेळाडूंना संघ बदलण्याचा खरा अधिकार मिळायला आणखी दीड दशक जावे लागले. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला १९७० मध्ये दाखल झाला आणि १९७६ मध्ये त्यात तडजोड झाली, तेव्हा करारमुक्त खेळाडूचे युग सुरू झाले. तोपर्यंत हिल यांचे खेळण्याचे वय उलटून गेले होते.

शनिवार-रविवारचे व्यावसायिक

एनबीएची दारे बंद झाल्यावर हिल यांनी खेळ सोडला नाही. १९६२ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग या प्रतिस्पर्धी संघटनेतील फिलाडेल्फिया टेपर्स संघात ते दाखल झाले. दूरच्या फेकीला तीन गुण देण्याची कल्पना राबवणारी ही लीग होती, पण पैशाअभावी ती १९६२ च्या अखेरीसच बंद पडली. त्यानंतर हिल ईस्टर्न लीगमध्ये काही वर्षे खेळले.

ईस्टर्न लीग ही एक अजब संस्था होती. पेन्सिल्व्हेनियातील कोळसा खाणींची गावे आणि आसपासची लहान शहरे यांत तिचे सामने शनिवार-रविवारी होत. सोमवार ते शुक्रवार खेळाडू आपापल्या नोकरीवर जात. कोणी शाळेत शिकवी, कोणी कार्यालयात काम करी. सामन्याचे मानधन तुटपुंजे आणि प्रवास मोटारीने, बहुधा चौघा-पाच जणांनी मिळून. एनबीएत जागा न मिळालेले कितीतरी उत्तम खेळाडू, त्यांतही कृष्णवर्णीय खेळाडू, या लीगमध्ये होते. म्हणून तेथील खेळाचा दर्जा गर्दीच्या मानाने फारच वरचा होता.

हिल यांच्याजवळ शिक्षण महाविद्यालयाची पदवी होती. ती आता उपयोगी पडली. ते न्यूअर्क परिसरात परतले आणि त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. पुढे एसेक्स काउंटी कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले.

जळालेल्या शहरातील महाविद्यालय

एसेक्स काउंटी कॉलेजचा जन्म ज्या काळात झाला, तो न्यूअर्कच्या इतिहासातील सर्वांत कठीण काळ होता. जुलै १९६७ मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला केलेल्या मारहाणीनंतर शहरात दंगल उसळली. ती पाच दिवस चालली आणि तीत २६ जणांचा बळी गेला. त्यानंतर मध्यमवर्गीय गोरी कुटुंबे आधीपेक्षाही वेगाने उपनगरांकडे निघून गेली, कारखाने व दुकाने बंद झाली आणि कराचे उत्पन्न आटले. याच शहरात १९६८ मध्ये या महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले.

अशा शहरात घराजवळचे, कमी शुल्काचे महाविद्यालय ही चैन नव्हती. शिक्षणाकडे जाणारी अनेकांसाठी ती एकमेव वाट होती. तेथील व्यायामशाळेत उभा असलेला प्रशिक्षक त्याच शहरात वाढलेला, पहिल्या फेरीत निवड झालेला आणि तरीही डावलला गेलेला माणूस होता. समोर बसलेल्या मुलांना त्याचे बोलणे खरे वाटण्यास वेगळ्या ओळखपत्राची आवश्यकता नव्हती.

दोन वर्षांचा संघ

ज्युनियर कॉलेजच्या प्रशिक्षकाचे काम चार वर्षांच्या विद्यापीठातील प्रशिक्षकापेक्षा मुळातच निराळे असते. विद्यापीठात आलेला खेळाडू साधारण चार वर्षे हाताशी असतो. पहिल्या वर्षी चुका, दुसऱ्या वर्षी सुधारणा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ, असा हिशेब तेथे मांडता येतो. ज्युनियर कॉलेजात खेळाडूला दोनच हंगाम मिळतात. त्यांतील चांगले खेळाडू तर एका वर्षानंतरच मोठ्या विद्यापीठाकडे निघून जाण्याची शक्यता असते. म्हणजे दरवर्षी निम्म्याहून अधिक संघ नव्याने बांधायचा.

त्यातून येणारी मुलेही सारखी नसतात. कोणाचे गुणपत्रक कच्चे असते, कोणावर घरची जबाबदारी असते, कोणी उशिरा उंच झालेला असतो आणि म्हणून शाळेत असताना कोणाच्या नजरेतच भरलेला नसतो. १९८३ मध्ये एनसीएएने ‘प्रपोझिशन ४८’ नावाचा नियम मंजूर केला. १९८६ पासून तो लागू झाला. पहिल्या वर्षी खेळायचे, तर मुख्य विषयांत किमान सरासरी श्रेणी आणि सॅट या प्रवेश परीक्षेत किमान ७०० गुण हवेत, अशी त्याची अट होती. नियम अभ्यासाच्या हितासाठी असल्याचे सांगितले गेले. पण त्याची झळ गरीब वस्त्यांतील शाळांमधून आलेल्या कृष्णवर्णीय मुलांना अधिक बसेल, असा आक्षेप अनेक प्रशिक्षकांनी घेतला. मोठ्या विद्यापीठांचे दार असे अरुंद झाले की उरलेल्यांसाठी ज्युनियर कॉलेज हीच पायरी राहते.

या पायरीवरचा प्रशिक्षक एकाच वेळी अनेक भूमिकांत असतो. त्याला सामने जिंकायचे असतात. मुलगा वर्गात जातो की नाही, हेही पाहायचे असते, कारण पदवी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या विद्यापीठातील प्रवेश अडतो. मग त्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना दूरध्वनी करायचे, खेळाडूची शिफारस करायची आणि त्याला शिष्यवृत्ती मिळेल अशी जागा शोधायची. साहाय्यक मोजके, निधी अपुरा, प्रवास बसने. मोठ्या विद्यापीठांत ज्या कामांसाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असतात, ती सारी येथे एकट्या प्रशिक्षकावर येतात.

४८९ विजयांचा अर्थ

या पार्श्वभूमीवर ४८९ आणि १२८ हे आकडे पुन्हा पाहावेत. एकंदर ६१७ सामन्यांपैकी जवळपास ७९ टक्के सामने जिंकलेले. पाचांतील चार म्हटले तरी चालेल. असा हिशेब एखाद्या वर्षी चांगले खेळाडू लाभले म्हणून जमून जाऊ शकतो. जवळपास पाव शतक, म्हणजे खेळाडूंच्या डझनभर पिढ्या बदलत असताना, तो टिकवायचा तर शिकवण्याची पद्धतच पक्की असावी लागते. दोन वर्षांत निघून जाणाऱ्या मुलांच्या भरवशावर हे घडत नाही. जे टिकते ते प्रशिक्षकाचे असते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. टेक्सासमधील स्नायडर गावच्या वेस्टर्न टेक्सास कॉलेजमध्ये नोलन रिचर्डसन हे कृष्णवर्णीय प्रशिक्षक होते. १९८० मध्ये त्यांच्या संघाने ३७ पैकी ३७ सामने जिंकून ज्युनियर कॉलेजचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी टल्सा विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. पॉल प्रेसी यांच्यासारखे खेळाडू त्यांच्यामागोमाग टल्साला गेले आणि १९८१ मध्ये त्या संघाने एनआयटी ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९४ मध्ये रिचर्डसन यांच्या आर्कन्सॉ संघाने ड्यूकला ७६-७२ असे नमवून एनसीएएचे विजेतेपदही मिळवले.

रिचर्डसन यांच्यासाठी ज्युनियर कॉलेज ही शिडी होती. हिल यांच्यासाठी ते घर ठरले. ज्या काळात हिल जिंकत होते, त्या काळात मोठ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे येथे विसरता येत नाही. मात्र पाव शतकाच्या कामाला केवळ न मिळालेल्या बढतीच्या मापाने मोजणे योग्य होणार नाही. न्यूअर्कमधील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मोठ्या विद्यापीठात गेलेल्या प्रशिक्षकाचा उपयोग नव्हता. त्याला आपल्या शहरात राहिलेला प्रशिक्षक हवा होता.

उशिरा मिळालेली दाद

हिल यांची कहाणी दीर्घकाळ बास्केटबॉलमधील जाणत्यांपुरतीच राहिली. २००८ मध्ये ईएसपीएन वाहिनीवर ‘ब्लॅक मॅजिक’ हा डॅन क्लोर्स दिग्दर्शित माहितीपट दोन भागांत दाखवण्यात आला. कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील बास्केटबॉलचा इतिहास हा त्याचा विषय. त्याच्या निर्मात्यांमध्ये अर्ल मन्रो होते. हिल यांचा २,४८८ गुणांचा विक्रम मोडणारे तेच मन्रो. त्या माहितीपटात हिल यांच्या वाट्याला आलेली वागणूक सविस्तर मांडली गेली आणि नव्या पिढीला हे नाव प्रथमच ठाऊक झाले. त्याला मानाचा पीबडी पुरस्कारही मिळाला. ऑगस्ट २०१५ मध्ये वयाच्या ७७ व्या वर्षी हिल यांचे निधन झाले.

उशिरा मिळालेल्या दादेने गेलेले हंगाम परत येत नाहीत. एनबीएच्या नोंदींतील ती एकुलती ओळ आजही तशीच आहे आणि तशीच राहील. परंतु त्या ओळीवरून खेळाडूची योग्यता ठरवू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की आकडे काय घडले ते सांगतात, काय घडू दिले गेले नाही ते सांगत नाहीत. एसेक्स काउंटीच्या नोंदींचीही तीच मर्यादा आहे. ४८९ विजय मोजता येतात. त्या संघांतून पुढे विद्यापीठात गेलेल्या, पदवी घेतलेल्या, शिक्षक, प्रशिक्षक वा चांगले गृहस्थ झालेल्या मुलांचा रकाना कोणत्याही गुणपत्रकात नसतो.

हिल यांचे पुत्र क्लिओ हिल ज्युनियर यांनीही प्रशिक्षकाचाच मार्ग निवडला. वडील जेथे घडले, त्या विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२० मध्ये त्यांच्या संघाने सीआयएएचे विजेतेपद मिळवले. याच परिषदेत, याच संस्थेकडून खेळताना वडिलांनी आपले अखेरचे विजेतेपद जिंकले, त्याला तेव्हा ५९ वर्षे झाली होती.